हिशेबाची दुसरी प्रत: घरच्या संगणकासाठी हार्ड डिस्क घेताना

कापडाच्या धंद्यात एक जुनी रीत होती. संध्याकाळी दुकान वाढवले की रोजमेळ आणि खतावणी फडक्यात बांधून घरी न्यायची. रात्री दुकानाला आग लागली तर माल जाईल, पण हिशेब वाचेल, हा त्यामागचा विचार. गेलेला माल पुन्हा भरता येतो. कोणाकडे किती येणे आहे हे एकदा हरवले, की ते कोणत्याही मंडीत विकत मिळत नाही.

आज त्या वह्या घरच्या संगणकात गेल्या आहेत. टॅलीतला हिशेब, जीएसटीची बिले, पार्ट्यांचे पत्ते, डिझाइनचे फोटो, मुलांच्या मार्कशीट, घराची कागदपत्रे आणि लग्नकार्याचे फोटो, सगळे त्या एका पेटीत. वही घरी नेण्याची सवय मात्र संगणकाबरोबर आली नाही. पेटी एका कोपऱ्यात आहे, चालू आहे, म्हणजे सारे ठीक आहे असे आपण धरून चालतो.

मीही असाच गाफील होतो. २०१६ च्या मार्च अखेरीस एका सकाळी संगणक सुरूच होईना. दुरुस्ती करणारा मुलगा आला, त्याने पेटी उघडली आणि डिस्क गेली असे सांगितले. "बॅकअप आहे ना?" त्याने विचारले. मी मोठ्या विश्वासाने म्हणालो, "आहे ना, दर शनिवारी डी ड्राइव्हमध्ये घेतो." तो काही बोलला नाही. मग त्याने समजावले की सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन नावे. एकाच घरातल्या दोन खोल्या. घरच कोसळले तर कोणत्या खोलीत सामान होते याला काय अर्थ?

डेटा काढून देणाऱ्या एका ठिकाणी डिस्क पाठवली. तिथे संगणकाच्या किमतीहून जास्त पैसे गेले आणि निम्माच हिशेब परत आला. उरलेली उधारी आम्ही बिलबुकांवरून, पावत्यांवरून आणि आठवणीवरून उभी केली. बावीस दिवस लागले. काही पार्ट्यांनी सांगितलेला आकडा आम्हाला मुकाट्याने मान्य करावा लागला, कारण आमच्याकडे दाखवायला काही नव्हते. महाडकडचे एक वयस्कर दुकानदार मात्र आपली वही बगलेत मारून आले आणि म्हणाले, "भाई, तुमचा आकडा चुकला आहे. तुम्ही अठ्ठावीस हजार लिहिलेत, मी एकेचाळीस देणे लागतो." त्यांच्या वहीने माझे तेरा हजार वाचवले. माझ्या हिशेबाची खरी दुसरी प्रत माझ्या संगणकात नव्हतीच, ती दुसऱ्याच्या दुकानात होती. बॅकअप म्हणजे काय हे मला त्या दिवशी समजले.

तेव्हापासून मी स्वतःसाठी, भावांसाठी आणि बाजारातल्या अनेकांसाठी बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्क घेतल्या. त्या अनुभवावरून आणि मधल्या काळात जे वाचले, विचारले, त्यावरून चार गोष्टी व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहे.

कायदाही हेच सांगतो

१ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. त्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. उदाहरणार्थ, २०२३-२४ या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती. म्हणजे त्या वर्षाची बिले आणि वह्या ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हाताशी हव्यात. याच कायद्याच्या नियमावलीतील नियम ५७ प्रमाणे, हिशेब संगणकात असेल तर त्याचा योग्य बॅकअप ठेवणे व्यापाऱ्यावर बंधनकारक आहे. अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने मूळ नष्ट झाले तरी वाजवी मुदतीत सारे परत उभे करता आले पाहिजे. "साहेब, संगणक बिघडला" हे उत्तर चालण्यासारखे नाही. एका डिस्कवर सहा-सात वर्षे विसंबून राहणे किती जोखमीचे आहे, ते आता पाहू.

डिस्क का जाते?

हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या घेत असतात. त्यांच्यावरून वाचणारी सुई, जिला हेड म्हणतात, ती तबकडीला न टेकता तरंगते. मधले अंतर केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी. आता विचार करा, चालू स्थितीत टेबलाला जोराचा धक्का बसला, केबल ओढली जाऊन डिस्क फरशीवर पडली किंवा वीज गेली-आली करीत राहिली, तर काय होईल?

काही न करताही डिस्क जाते. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्याकडील लाखो डिस्कचे आकडे २०१३ पासून जाहीर करीत आली आहे. २०२२ ते २०२४ या वर्षांत त्यांच्याकडे वर्षाला शंभरामागे साधारण दीड डिस्क बंद पडली. प्रमाण थोडे वाटेल. पण त्या डिस्क थंड, विजेची सोय असलेल्या इमारतीत, माणसांच्या देखरेखीखाली चालतात. आपली डिस्क कापडाच्या कुसात, उन्हाळ्यात आणि जाणाऱ्या-येणाऱ्या विजेवर चालते. शिवाय ती एकच असते. एकच असली की प्रमाणाला अर्थ राहत नाही. ती गेली तर आपले सगळेच गेले.

डिस्क जाण्याआधी इशारा देईल, आवाज करील, अशी अनेकांची समजूत आहे. गूगलने २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्यांपैकी पुष्कळ डिस्कनी आधी कोणतेही ठळक लक्षण दाखवले नव्हते, असे त्यात आढळले. तेव्हा आवाज येऊ लागल्यावर बॅकअप घेऊ, हे वरातीमागून घोडे नेण्यासारखे आहे.

बाजारात काय काय मिळते?

दुकानात गेल्यावर चार प्रकारच्या वस्तू समोर येतात. त्यांची पारख अशी.

पहिली, हातात मावणारी पोर्टेबल हार्ड डिस्क. आत अडीच इंची डिस्क असते. संगणकाच्या यूएसबीतूनच तिला वीज मिळते, वेगळा अ‍ॅडाप्टर लागत नाही. साधारण १ टीबीपासून ५ टीबीपर्यंत मिळते. दर टीबीमागे पैसे कमी पडतात. घरच्या बॅकअपसाठी दहापैकी आठ जणांना मी हीच घ्यायला सांगतो. हिचा दोष एकच, पडणे सहन होत नाही.

दुसरी, टेबलावर ठेवायची मोठी डिस्क. आत साडेतीन इंची डिस्क असते आणि तिला वेगळा अ‍ॅडाप्टर लागतो. क्षमता पुष्कळ जास्त मिळते. व्हिडिओ शूटिंगचा धंदा करणारे किंवा डिझाइनच्या भल्यामोठ्या फाइली सांभाळणारे यांना ती सोयीची. पण जिथे वीज वारंवार जाते तिथे काम चालू असताना ती मध्येच बंद होते, आणि इकडून तिकडे नेण्यास ती अवजड आहे. साध्या व्यापाऱ्याला तिची गरज नाही.

तिसरी, एसएसडी. तिच्यात फिरणारा भाग नाही, सगळे चिपमध्ये लिहिले जाते. वेग कितीतरी जास्त, आकार लहान, आणि हातातून पडली तरी बहुधा वाचते. परंतु तेवढ्याच क्षमतेला पैसे बरेच जास्त मोजावे लागतात. दुसरी गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. एसएसडीत माहिती विजेच्या भाराच्या रूपाने साठते. वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवली तर तो भार हळूहळू झिरपू शकतो, उष्णतेत अधिक. शिवाय ती गेली की तिच्यातून डेटा परत काढणे अनेकदा साध्या डिस्कपेक्षाही कठीण जाते. रोज पिशवीतून नेण्या-आणण्यासाठी एसएसडी उत्तम, पण कपाटात बंद करून विसरण्यासाठी ती घेऊ नये. घेतलीच तर दर दोन-तीन महिन्यांनी जोडत जावी.

चौथी, पेन ड्राइव्ह. तो टपाल्यासारखा आहे. इथली चिठ्ठी तिथे पोहोचवावी, एवढेच त्याचे काम. सीएकडे फाइल नेण्यास ठीक, पण वर्षभराची खतावणी टपाल्याच्या पिशवीत कोणी ठेवत नाही.

किती क्षमतेची घ्यावी?

इथे बहुतेकांचा पैसा वाया जातो. "मोठी घ्या, पुढे कामाला येईल," असे दुकानदार म्हणतो आणि आपण ऐकतो. आधी घरी बसून मोजावे. संगणकात सध्या किती जागा वापरली गेली आहे, हे डिस्कच्या चित्रावर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज पाहिले की दिसते.

लहान पेढीचा हिशेब फारशी जागा घेत नाही. अनेक वर्षांचा टॅलीचा डेटा बहुधा दोन-चार जीबीत बसतो. जागा खातात ते फोटो आणि त्याहून जास्त व्हिडिओ. मोबाइलचा एक फोटो ५ एमबीचा धरला तर १ टीबीत सुमारे दोन लाख फोटो बसतात. चांगल्या प्रतीचा व्हिडिओ मात्र तासाला सहा-सात जीबी सहज घेतो. ढोबळ हिशेब असा ठेवावा की आज जेवढा डेटा आहे त्याच्या दुप्पट क्षमता घ्यावी. चारशे जीबी भरले असतील तर १ टीबी पुरे. आठशे-नऊशे भरले असतील तर २ टीबी. दुकानदाराने दाखवलेली ५ टीबी सोडून द्यावी आणि उरलेल्या पैशांत दुसरी डिस्क घ्यावी. ते का, ते पुढे येते.

एक शंका नेहमी विचारली जाते. १ टीबीची डिस्क जोडली तर विंडोज ९३१ जीबीच दाखवते, मग उरलेली जागा कोणी खाल्ली? कोणी नाही. कंपनी हजाराच्या पटीने मोजते, विंडोज १,०२४ च्या पटीने. शंभर वार कापड मीटरने मोजले तर ९१.४४ भरते. कापड कमी झालेले नसते, गज बदललेला असतो.

ज्यांनी सुरुवातीच्या संगणकांवर फ्लॉपी वापरली आहे त्यांना नवल वाटेल. त्या फ्लॉपीत १.४४ एमबी मावत असे. आज खिशात बसणाऱ्या १ टीबीच्या डिस्कमध्ये तशा सुमारे सात लाख फ्लॉप्यांचा ऐवज आहे. सोय तेवढी वाढली, आणि एका वस्तूच्या पडण्याने होणारे नुकसानही तेवढेच वाढले.

केबल आणि वेग

डिस्क कितीही चांगली असली तरी ती ज्या दाराने संगणकात शिरते ते अरुंद असेल तर काम रेंगाळते. यूएसबी २.० हे २००० सालचे दार, यूएसबी ३.० हे २००८ चे. पाचशे जीबी डेटा जुन्या दाराने नेण्यास साधारण चार तास, नव्या दाराने पोर्टेबल डिस्कवर सव्वा-दीड तास लागतात. लहान लहान फाइली हजारोंनी असतील तर त्याहून जास्त. अनेक संगणकांवर ३.० चे भोक आतून निळे असते, त्यावरून ओळखता येते. आज मिळणाऱ्या बहुतेक डिस्क ३.० च्याच आहेत, फक्त ती काळ्या, जुन्या भोकात लावू नये.

नव्या लॅपटॉपवर टाइप-सी हे लहान, दोन्ही बाजूंनी बसणारे भोक असते. आपल्या संगणकावर कोणते आहे ते पाहून तशी केबल मागावी. डिस्कबरोबर आलेली केबल जपावी. डिस्क दिसत नाही म्हणून घाबरून आलेल्या किती तरी लोकांची डिस्क ठीक आणि केबल खराब निघाली आहे.

नाव, वॉरंटी आणि बिल

"कोणत्या कंपनीची घेऊ?" हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. वास्तविक तो शेवटचा आहे. फिरणाऱ्या हार्ड डिस्क जगात आता तीनच कंपन्या बनवतात: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. हिताचीचा डिस्कचा धंदा २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलकडे गेला, सॅमसंगचा २०११ मध्ये सीगेटकडे. डब्यावर दुसरे एखादे नाव असले तरी आतला माल या तिघांपैकी एकाचा. तिन्ही कंपन्यांच्या डिस्क चांगल्या चालतात आणि तिन्हींच्या बंद पडतात. चारशे-पाचशे रुपयांच्या फरकासाठी नावाचा वाद घालण्यात अर्थ नाही.

वॉरंटी साधारण दोन-तीन वर्षांची असते. पण ती कशाची, हे नीट समजून घ्यावे. डिस्क बिघडली तर कंपनी डिस्क बदलून देईल. आतला हिशेब परत देण्याची हमी कोणी देत नाही. कोरी वही मिळेल, लिहिलेली मिळणार नाही. तरीही पक्के बिल घ्यावे, त्यावर डिस्कचा सीरियल नंबर लिहून घ्यावा आणि कंपनीच्या वेबसाइटवर तो टाकून वॉरंटी लागू आहे ना, ते पाहावे. वापरलेली किंवा दुरुस्त केलेली डिस्क बॅकअपसाठी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

भाव सतत वर-खाली होतात. २०११ मध्ये थायलंडमध्ये पूर आला, तिथले कारखाने पाण्यात गेले आणि जगभर डिस्क महागल्या. आपल्या सुताच्या भावासारखेच हे. म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारून, आजचा भाव पाहून घ्यावी.

ताका उलगडून मोजा

आता एका फसवणुकीबद्दल. इंटरनेटवरच्या दुकानांत आणि पदपथांवर "१६ टीबी एसएसडी" अगदी थोड्या पैशांत मिळते. डबा सुबक, वस्तू धातूची आणि संगणकाला जोडली तर १६ टीबी असा आकडाही दिसतो. उघडून पाहिले तर आत ३२ किंवा ६४ जीबीचे साधे मेमरी कार्ड चिकटवलेले असते. त्याच्यातली आज्ञावली बदलून त्याला खोटे बोलायला शिकवलेले असते. सुरुवातीचे फोटो नीट जातात. खरी जागा संपली की पुढचा डेटा जुन्यावर लिहिला जातो किंवा कुठेच जात नाही. फाइलींची नावे दिसत राहतात, पण उघडायला गेले तर काही नाही. हे सहा महिन्यांनी, गरजेच्या वेळी कळते.

ताक्यावर वीस मीटरचा शिक्का आणि आत अठरा भरते, हा प्रकार आपल्या धंद्यात नवा नाही. त्यावर उपाय एकच, ताका उलगडून गजाने मोजणे. डिस्कसाठीही गज आहे. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, मॅक आणि लिनक्सवर एफ-थ्री, असे मोफत प्रोग्राम मिळतात. ते रिकाम्या डिस्कवर शेवटच्या टोकापर्यंत लिहितात आणि पुन्हा वाचून ताडून पाहतात. १ टीबीच्या पोर्टेबल डिस्कला पाच-सहा तास लागतात, तेव्हा रात्री लावून झोपावे. यातून नव्या डिस्कचा दोषही बाहेर येतो आणि बदलून घेण्याची मुदत हातात असते. अस्सल मालाला या परीक्षेची भीती नसते.

एक मोठी नको, दोन मध्यम घ्या

माझ्या सांगण्यातली मुख्य गोष्ट हीच आहे. ४ टीबीची एक डिस्क घेण्यापेक्षा १ किंवा २ टीबीच्या दोन घ्याव्यात. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला "तीन-दोन-एक" असा नियम संगणकवाले सांगतात. डेटाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या जागी असावी. आपल्या भाषेत, अस्सल एक, नकला दोन, आणि त्यातली एक नक्कल घराबाहेर.

घराबाहेर का? २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरच्या बाजारपेठा पाण्यात होत्या. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड बुडाले. पाणी घरात शिरले तर संगणक आणि त्याच्या शेजारची डिस्क दोन्ही एकदमच भिजतात. चोर संगणक नेतो तेव्हा शेजारची डिस्क ठेवून जात नाही.

दुसरी भीती न दिसणारी आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या विषाणूने जगभरच्या संगणकांतील फाइलींना कुलूप लावले आणि किल्लीसाठी खंडणी मागितली. असा विषाणू संगणकाला त्या वेळी जोडलेल्या बाहेरच्या डिस्कलाही सोडत नाही. म्हणून बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवावी. कायम लावून ठेवलेली डिस्क म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीलाच अडकवून ठेवणे.

काही जण म्हणतात, आमचे सारे गूगलवर किंवा क्लाउडवर आहे. ती तिसरी सोय म्हणून चांगली आहे, अवश्य ठेवावी. पण मोफत जागा थोडी असते आणि बऱ्याच ठिकाणी इकडे फाइल पुसली की तिकडेही पुसली जाते. पासवर्ड हरवला तर दार बंद. हातातल्या डिस्कची जागा ती घेऊ शकत नाही.

घरी आणल्यावर

मोजमाप झाले की डिस्क फॉरमॅट करावी. फक्त विंडोज वापरणाऱ्यांनी एनटीएफएस निवडावे. मॅक आणि विंडोज दोन्हींवर लावायची असेल तर एक्सफॅट. फॅट-३२ नको, कारण त्यात ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही.

डिस्कवर आपल्याच नव्हे तर गिऱ्हाइकांच्याही पॅन आणि आधारच्या नकला असतात. ती लोकांची अमानत आहे. डिस्क रिक्षात विसरली तर ती कोणाच्याही हाती लागू नये म्हणून पासवर्डचे कुलूप लावावे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे, इतरांसाठी व्हेराक्रिप्ट मोफत मिळते. बिटलॉकर ४८ अंकी किल्ली देते. ती कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांत ठेवावी आणि घरातल्या आणखी एकाला ठाऊक असावी. किल्ली हरवली तर मालकालाही दार उघडत नाही.

विंडोजमध्ये फाइल हिस्टरी आणि मॅकमध्ये टाइम मशीन ही आपोआप नक्कल करणारी सोय आहे. ती वापरावी. पण फाइल हिस्टरी ठरावीक फोल्डरच पाहते. टॅलीचा डेटा बहुधा त्या फोल्डरांत नसतो, म्हणून टॅलीच्या मेनूतून बॅकअप वेगळा घ्यावा आणि त्या फोल्डरला तारखेचे नाव द्यावे. जुन्यावर नवा लिहू नये. शेवटचे पाच-सहा बॅकअप राहू द्यावेत, कारण चूक कधी कधी महिन्याने लक्षात येते. ज्यांचा संगणक अजून विंडोज १० वर आहे, त्यांनी विशेष घाई करावी. त्या आवृत्तीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. संगणक बदलण्याआधी किंवा नवी विंडोज टाकण्याआधी सारा डेटा बाहेर काढून घ्यावा.

डिस्क काढताना आधी सेफली रिमूव्ह करावे, मगच केबल ओढावी. पावसाळ्यात हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुडीसह ठेवावी आणि वरच्या फळीवर ठेवावी.

परत काढून पाहा

शेवटची गोष्ट शंभरातले नव्वद जण करीत नाहीत. बॅकअप घेतला एवढ्याने काम होत नाही, तो परत काढता आला पाहिजे. तीन महिन्यांतून एकदा डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडावी, चार फोटो उघडावेत, टॅलीचा एक जुना बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून बाकी जुळते का ते पाहावे. वेगळ्या फोल्डरमध्ये हे विसरू नये, नाहीतर आजचा हिशेब जुन्याखाली गाडला जाईल.

माझी पद्धत सांगतो. दोन डिस्क आहेत, अ आणि ब. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी घरी असलेल्या डिस्कवर बॅकअप घेतो. अर्ध्या तासाचे काम. दुसऱ्या दिवशी ती दुकानात नेतो आणि दुकानातली घरी आणतो. पूर्वी वही दुकानातून घरी जात असे, आता डिस्क घरून दुकानात जाते, एवढाच फरक. चार-पाच वर्षे झाली की नवी डिस्क घेतो आणि जुनी तिसरी प्रत म्हणून ठेवतो.

जुलै २०२१ च्या पुरानंतर महाडकडच्या त्याच दुकानदारांचा फोन आला. दुकानात छातीभर पाणी होते. कापड गेले आणि वह्यांचा लगदा झाला. "भाई, माझे तुमच्याकडे काय खाते आहे, ते तुम्हीच सांगा." मी ब डिस्क जोडली आणि त्यांचे सात वर्षांचे खाते छापून पाठवले. त्यात त्यांचे दोन हजार तीनशे रुपये आमच्याकडे जास्त जमा होते, तेही लिहिले. त्यांनी एकदा माझा हिशेब वाचवला होता, या वेळी त्यांचा माझ्याकडे सुरक्षित होता.

तेव्हा या आठवड्यात एवढे करा. घरच्या संगणकात किती डेटा आहे ते मोजा, त्याच्या दुप्पट क्षमतेच्या दोन साध्या डिस्क पक्क्या बिलावर घ्या, मोजून घ्या आणि एक घराबाहेर ठेवा. डी ड्राइव्हवर विसंबून असाल तर आजच उठा.